क्रूरता दाखवणाराच आरोपी! अमेरिकेतील ‘अ‍ॅग-गॅग’ कायदे आणि आपण

मे २०२०. कोरोनामुळे अमेरिकेतील मोठमोठे कत्तलखाने बंद पडले होते आणि विक्रीला तयार झालेली डुकरे शेडमध्येच अडकून पडली होती. आयोवा राज्यातील ‘आयोवा सिलेक्ट फार्म्स’ या बड्या कंपनीने त्यावर एक उपाय काढला. शेडमधली हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद केली, आत गरम वाफ सोडली आणि हजारो जनावरे गुदमरून, भाजून मारली. मरायला त्यांना काही तास लागले. ही गोष्ट बाहेर कळली ती कंपनीतल्याच एका कर्मचाऱ्यामुळे. त्याने प्राणिहक्क कार्यकर्त्यांना कळवले, त्यांनी शेडमध्ये कॅमेरे आणि रेकॉर्डर लपवले आणि डुकरांचा आक्रोश जगाने ऐकला.

पुढच्याच महिन्यात आयोवाच्या गव्हर्नर किम रेनॉल्ड्स यांनी एका नव्या कायद्यावर सही केली. आता जनावरांना असे मारता येणार नाही, असा तो कायदा असेल, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यात अन्न-उत्पादनाच्या जागेत परवानगीशिवाय शिरणाऱ्याची शिक्षा वाढवली होती. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दुसऱ्या वेळी थेट गंभीर गुन्हा. आयोवात २०१२ पासूनचा हा अशा प्रकारचा तिसरा कायदा होता. चौथा २०२१ मध्ये आला.

प्राण्यांचा प्रश्न निघाला की आपल्या चळवळीतले बरेच तरुण पान उलटतात, हे आम्हाला माहीत आहे. त्याला सबळ कारणे आहेत आणि त्यांच्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत. पण या कायद्यांमागचे राजकारण जनावरांपुरते थांबत नाही. बंद दाराआड चाललेल्या अन्यायाचा पुरावा गोळा करण्याचा अधिकार कुणाला, हा त्यातला खरा प्रश्न आहे. अत्याचाराच्या प्रत्येक प्रकरणात पुराव्यासाठी धावणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना हा प्रश्न परका नाही.

तोंडात बोळा कोंबणारे कायदे

या कायद्यांना ‘अ‍ॅग-गॅग’ म्हणतात. ‘अ‍ॅग’ म्हणजे ॲग्रिकल्चर, शेती, आणि ‘गॅग’ म्हणजे तोंडात कोंबलेला बोळा. न्यूयॉर्क टाइम्सचे स्तंभलेखक मार्क बिटमन यांनी २०११ मध्ये हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. त्याआधीही असे कायदे होते. कॅन्ससने १९९० मध्ये, तर माँटाना आणि नॉर्थ डकोटाने १९९१ मध्ये ते केले. खरी लाट मात्र २०१२ नंतर आली. आयोवा, युटा, मिसुरी, आयडाहो, नॉर्थ कॅरोलिना, आर्कान्सा अशी राज्यांची रांगच लागली.

या कायद्यांच्या प्रमुख तऱ्हा तीन. पहिली तऱ्हा म्हणजे ओळख किंवा हेतू लपवून फार्मवर नोकरी मिळवणे हाच गुन्हा ठरवायचा. दुसरी, मालकाच्या परवानगीशिवाय फोटो काढणे वा चित्रीकरण करणे गुन्हा ठरवायचा. तिसरी तऱ्हा मिसुरीची, आणि ती वरवर फार सज्जन दिसते. जनावरांवरील अत्याचाराचे चित्रीकरण केले असेल तर ते २४ तासांत पोलिसांकडे द्या, असे ती सांगते. ऐकायला योग्य वाटते. पण एका दिवसाच्या चित्रीकरणातून काय सिद्ध होणार? कंपनी सांगणार, एका कामगाराने चूक केली, आम्ही त्याला काढून टाकले. रोज, सगळ्यांच्या देखत, वरिष्ठांच्या माहितीने हे चालते, हे दाखवायला काही आठवडे आत राहावे लागते. पहिल्याच दिवशी चित्रफीत पोलिसांकडे दिली की तपास करणारा उघडा पडतो आणि तपास तिथेच संपतो.

कॅमेऱ्याची एवढी भीती का?

या भीतीमागे एक मोठे प्रकरण आहे. कॅलिफोर्नियातील चिनो येथे ‘हॉलमार्क/वेस्टलँड’ नावाचा कत्तलखाना होता. प्राणिहक्क संघटनेचा एक माणूस २००७ मध्ये तिथे कामगार म्हणून लागला आणि त्याने लपवलेल्या कॅमेऱ्यावर जे टिपले ते जानेवारी २००८ मध्ये जाहीर झाले. आजारी, उभ्याही राहू न शकणाऱ्या गाईंना फोर्कलिफ्टने ढकलले जात होते, विजेचे झटके दिले जात होते, नाकातोंडात पाण्याचा फवारा मारला जात होता. उभ्या राहू न शकणाऱ्या जनावराचे मांस रोगाचा धोका असल्याने खाण्यासाठी वापरू नये, असा नियम होता. म्हणून त्यांना कसेही करून उभे करायचे होते.

हा कत्तलखाना सरकारच्या शालेय भोजन योजनेला मांस पुरवत होता. फेब्रुवारी २००८ मध्ये १४.३ कोटी पौंड, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी किलो, गोमांस बाजारातून परत मागवावे लागले. अमेरिकेच्या इतिहासातील तोवरची ही सर्वांत मोठी मांस-माघार. त्यातले बरेच मांस मुलांच्या पोटात आधीच गेले होते. त्या कत्तलखान्यात सरकारी निरीक्षक नेमलेले होते. त्यांना जे दिसले नाही किंवा त्यांनी जे पाहिले नाही, ते एका साध्या कॅमेऱ्याने दाखवले. २००९ मध्ये केंद्र सरकारला नियमातल्या पळवाटा बंद कराव्या लागल्या.

त्याच २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात जनमत झाले. जनावराला वळताही येणार नाही अशा अरुंद पिंजऱ्यांवर बंदी घालावी का, असा प्रश्न होता. सुमारे ६३ टक्के लोकांनी ‘होय’ म्हटले. लोकांनी पाहिले की लोक मत बदलतात, हे मांस-उद्योगाच्या लक्षात आले. मग पिंजरे बदलण्यापेक्षा लोकांना पाहूच न देणे स्वस्त पडते.

इथे अमेरिकन कायद्याची रचनाही लक्षात घ्यावी लागेल. तिथला १९६६ चा केंद्रीय प्राणी कल्याण कायदा अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना लागू नाही. कत्तलीच्या वेळी कमी वेदना व्हाव्यात म्हणून केलेला १९५८ चा कायदा कोंबड्यांना लागू केला जात नाही, आणि तिथे सर्वाधिक मारल्या जातात त्या कोंबड्याच. बहुतेक राज्यांच्या क्रूरताविरोधी कायद्यांत ‘शेतीतील प्रचलित पद्धतीं’ना सूट आहे. म्हणजे एखादी क्रूर गोष्ट सगळेच करू लागले की ती कायदेशीर! अशा ठिकाणी लपवलेला कॅमेरा हाच अनेकदा एकमेव निरीक्षक उरतो.

गुन्ह्याहून साक्ष महाग

आयडाहोचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. २०१२ मध्ये तिथल्या एका मोठ्या डेअरीत कामगार गाईंना मारहाण करत असल्याचे चित्रीकरण बाहेर आले. फेब्रुवारी २०१४ मध्ये राज्याने कायदा केला. त्याचा मसुदा डेअरी मालकांच्या संघटनेनेच तयार केला होता. चोरून चित्रीकरण करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड. त्याच राज्यात जनावरावर क्रूरता केल्याच्या पहिल्या गुन्ह्याला कमाल शिक्षा होती सहा महिने. मारणाऱ्याला सहा महिने आणि मार दाखवणाऱ्याला वर्ष!

युटामध्ये तर २०१३ मध्ये एका तरुणीवर सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून कत्तलखान्याचे चित्रीकरण केल्याबद्दल या कायद्याखाली खटला भरला गेला. अ‍ॅग-गॅगखालचा तो देशातला पहिला खटला. बातमी फुटल्यावर गाजावाजा झाला आणि सरकारने तो मागे घेतला. पण कायद्याचा उपयोग कुठवर होऊ शकतो, हे तेव्हाच सगळ्यांना कळले.

मारहाण करणारे कामगार कोण असतात, हेही पाहायला हवे. चिनोच्या प्रकरणात क्रूरतेचे फौजदारी खटले भरले गेले ते दोन कामगारांवर. ताशी किती जनावरे कापायची हे कामगार ठरवत नाही, नफ्याचा हिशेब तो मांडत नाही, पण तुरुंगात तोच जातो. कॅमेरा फक्त शेवटच्या हातापर्यंत पोचला तर वरच्या मजल्यावरचे सुटतात, ही या तपासांची खरी मर्यादा आहे. प्राणिहक्कवाल्यांनी तिचा विचार करायला हवा. पण त्यावरचा उपाय कॅमेरा आणखी वर न्यायचा, हा आहे. बंद करण्याने वरचे आणखी सुरक्षित होतात.

जनावरांच्या आड माणसेही झाकली जातात

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी टिमथी पचिरट यांचे ‘एव्हरी ट्वेल्व्ह सेकंड्स’ हे २०११ चे पुस्तक जरूर वाचावे. या अभ्यासकाने २००४ मध्ये नेब्रास्का राज्यातील ओमाहाच्या एका कत्तलखान्यात पाच महिन्यांहून अधिक काळ मजूर म्हणून काम केले. तिथे दर बारा सेकंदाला एक जनावर मारले जात होते. काम शंभराहून अधिक तुकड्यांत वाटलेले, मध्ये भिंती, आणि प्रत्यक्ष मारण्याचे काम एका-दोघांकडे. बाकीचे शेकडो जण एकाच इमारतीत असूनही म्हणू शकत, मारणारे आम्ही नाही. समाजाला जे नकोसे वाटते ते नजरेआड ढकलायचे आणि ते काम ज्यांना दुसरा पर्याय नाही अशांकडून करून घ्यायचे. तिथे ते प्रामुख्याने स्थलांतरित आणि कृष्णवर्णीय मजूर आहेत. मेलेली ढोरे ओढणे, गटारात उतरणे ही कामे इथे कुणाच्या वाट्याला आली हे आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे ही व्यवस्था समजायला आपल्याला पुस्तकाचीही फारशी गरज नाही.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी अमेरिकेतील पाच बड्या मांस कंपन्यांत किमान ५९,००० कामगारांना लागण झाली आणि २६९ जणांचा मृत्यू झाला, असे अमेरिकन संसदेच्या एका उपसमितीने ऑक्टोबर २०२१ मध्ये मांडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या कामगार खात्याने कत्तलखाने साफ करणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीला १५ लाख डॉलरचा दंड केला. आठ राज्यांतील १३ ठिकाणी १३ ते १७ वर्षांची १०२ मुले धोकादायक काम करताना आढळली होती. जनावरांचे हाल दिसू नयेत म्हणून उभारलेल्या भिंतीमागेच ही माणसेही आहेत.

नॉर्थ कॅरोलिनाच्या कायद्याने तर शेतीचा आडपडदाही ठेवला नाही. २०१५ चा हा कायदा सर्वच व्यवसायांना लागू होता. वृद्धाश्रम, पाळणाघरे, रुग्णालये, सगळेच त्यात आले. मालकाचे नुकसान होईल असे चित्रीकरण किंवा कागदपत्रे बाहेर नेणाऱ्या कर्मचाऱ्याला दिवसाला ५,००० डॉलरपर्यंत भरपाई भरावी लागू शकत होती. तिथल्या गव्हर्नरने नकाराधिकार वापरला, पण विधिमंडळाने तो धुडकावून कायदा आणला. म्हाताऱ्या आईला मारहाण होते हे दाखवणारी परिचारिकाही त्यात सापडू शकत होती. सुरुवात डुक्कर-कोंबड्यांपासून झाली आणि कायदा वृद्धाश्रमाच्या दारात येऊन उभा राहिला.

दुसरी बाजू आणि न्यायालये

या कायद्यांच्या समर्थकांचे म्हणणेही ऐकायला हवे. कुणी खोटे बोलून आपल्या घरात-शेतात शिरावे हे कोणत्या शेतकऱ्याला आवडेल? बाहेरचा माणूस रोगराई आत आणू शकतो. तुकडे जोडून बनवलेल्या चित्रफितीने एखाद्या प्रामाणिक कुटुंबाचा धंदा बुडू शकतो. यातले काही मुद्दे खरे आहेत. पण चोरी, तोडफोड, घुसखोरी, बदनामी यांच्यासाठी कायदे आधीपासून आहेत. नव्या कायद्यांनी भर घातली ती एकाच गोष्टीची. खरी माहिती गोळा करणाऱ्यालाही शिक्षा. शिवाय ‘गरीब शेतकऱ्या’चे नाव पुढे केले जात असले, तरी अमेरिकेच्या गोमांस बाजाराचा सुमारे ८५ टक्के हिस्सा अवघ्या चार कंपन्यांच्या हातात आहे.

न्यायालयांचे निकाल संमिश्र आहेत. आयडाहोचा कायदा २०१५ मध्ये रद्द झाला. न्यायाधीश विनमिल यांनी अप्टन सिंक्लेअर यांची आठवण काढली. त्यांनी १९०४ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यांत वावरून लिहिलेल्या ‘द जंगल’ कादंबरीनंतर १९०६ मध्ये अमेरिकेला मांस तपासणीचा कायदा करावा लागला होता. आजचा कायदा तेव्हा असता तर सिंक्लेअर गुन्हेगार ठरले असते. मात्र २०१८ मध्ये वरच्या न्यायालयाने चित्रीकरणबंदी रद्द ठेवताना, नुकसान करण्याच्या हेतूने खोटे बोलून नोकरी मिळवणे गुन्हा ठरवता येईल असे म्हटले. युटाचा कायदा २०१७ मध्ये पडला, कॅन्ससचा बहुतांश कायदा २०२० मध्ये. नॉर्थ कॅरोलिनाचा कायदा बातमीसाठी माहिती गोळा करणाऱ्यांना लावता येणार नाही असा निकाल २०२३ मध्ये लागला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

पण आयोवाने धडा वेगळाच घेतला. एक कायदा न्यायालयात अडकला की दुसरा, दुसरा अडकला की तिसरा. ‘खोटे बोलणे’ गुन्हा ठरवणे अवघड जाते म्हटल्यावर ‘घुसखोरी करून कॅमेरा लावणे’ असा शब्दप्रयोग आला. जानेवारी २०२४ मध्ये अपील न्यायालयाने आयोवाचे २०१९ आणि २०२१ चे कायदे वैध ठरवले. ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये आणि कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २०२० मध्ये याच वळणाचे कायदे झाले. ही लढाई संपलेली नाही, ती शब्द बदलून चालू आहे.

आपला संबंध

आता तरुणांच्या आक्षेपाकडे येऊ. भारतात प्राणिप्रेमाचे नाव घेऊन आपल्याच माणसांच्या पाठी सोलल्या गेल्या आहेत. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले, आणि ती चित्रफीत मारणाऱ्यांनीच अभिमानाने पसरवली. त्यामुळे ‘प्राण्यांवर दया’ हे शब्द ऐकले की आपल्याला काठ्या दिसतात. हा संशय योग्यच आहे आणि तो सोडण्याची गरज नाही.

पण उनाची चित्रफीत आणि आयोवाची चित्रफीत शेजारी ठेवून पाहा. उनात ज्यांच्या हातात कॅमेरा होता त्यांना कसलीच भीती नव्हती, कारण सत्ता आपली आहे असे त्यांना वाटत होते. आयोवात कॅमेरा लपवावा लागला, कारण समोर सत्ता होती. चित्रीकरण कोण करतो, कुणाविरुद्ध करतो आणि कायदा कुणाच्या पाठीशी उभा राहतो, यावरून त्या समाजातली सत्ता ओळखता येते.

आपल्याकडे अ‍ॅग-गॅगसारखा कायदा नाही, पण वृत्ती आहे. २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातील मिर्झापूर जिल्ह्यात एका शाळेतील मुलांना माध्यान्ह भोजनात मीठ-पोळी वाढल्याचे एका स्थानिक पत्रकाराने दाखवले. पोलिसांनी त्या पत्रकारावरच कट रचल्याचा गुन्हा दाखल केला. चिनोच्या शाळकरी मुलांचे मांस आणि मिर्झापूरच्या मुलांची मीठ-पोळी यांत फरक खूप आहे. पण दोन्हीकडे ताटात काय पडते हे दाखवणाराच अडचणीचा ठरला. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा आपल्या संसदेने २०१४ मध्ये संमत केला, पण तो अंमलात आणायची अधिसूचना वर्षानुवर्षे निघाली नाही.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. त्यांनी अहिंसेला आंधळा नियम केले नाही, विवेकाने वापरायचे तत्त्व मानले. त्या कसोटीवर पाहिले तर कुणी काय खाल्ले यावर त्याची लायकी ठरवणारे राजकारण आपले नाही. आणि नफ्याच्या हिशेबात हजारो जीव वाफेने गुदमरवून वर साक्षीदाराला तुरुंग दाखवणारी व्यवस्थाही आपली नाही. दोघांनाही नाही म्हणता येते. धम्मवंदनेत आपण ‘एहिपस्सिको’ म्हणतो. ये आणि स्वतः पाहा. जी व्यवस्था ‘येऊ नका आणि पाहू नका’ म्हणते, तिच्याकडे लपवण्यासारखे काही आहे असे धरून चालण्यात चूक नाही.

म्हणून तरुण मित्रांना आमचे तीन गोष्टींचे सांगणे आहे. एक, कोणताही नवा कायदा ‘मालमत्तेचे संरक्षण’, ‘खासगीपणा’ किंवा ‘सुरक्षा’ या नावाने आला की त्यात आरोपी कोण होणार हे आधी शोधा. दोन, अत्याचाराचे चित्रीकरण हाती आले तर मूळ फाइल, तारीख, वेळ आणि जागा जपून ठेवा, कापाकापी करू नका आणि पसरवण्याआधी वकिलाला दाखवा. अर्धवट चित्रफीत समोरच्याच्या पथ्यावर पडते. तीन, जो आतून माहिती देतो त्याची नोकरी आणि जीव आपल्या पोस्टपेक्षा मोठा माना. त्याचे नाव आपल्या तोंडून फुटता कामा नये.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी आपले पहिले पाक्षिक काढले तेव्हा त्याला ‘मूकनायक’ हे नाव दिले. ज्यांना बोलू दिले जात नाही त्यांच्या वतीने बोलण्याची किंमत या समाजाने मोजलेली आहे. आयोवाच्या शेडमधला तो कर्मचारीही तेच करत होता, आणि पुढचा असा कर्मचारी बोलेल की गप्प बसेल, हे आता तिथल्या कायद्याने ठरवायचे आहे. आपल्याकडचा पुढचा कर्मचारी वसतिगृहात, आश्रमशाळेत, वीटभट्टीवर किंवा कंत्राटी सफाईच्या कामावर असेल. त्याने फोन केला तर तो उचलायला आपण तयार असले पाहिजे.

जय भीम!